लोखंड काढता येतं, लावता येत नाही

मोबाइलवर हिरवा ठिपका होता आणि शेजारी शब्द होते, ‘प्लॉट ३ : व्हॉल्व उघडा’. मी त्याच प्लॉटमध्ये उभी होते. निफाड तालुक्यातली द्राक्षबाग, गोडी छाटणी होऊन आठवडा झालेला, काडीवरचे डोळे फुगायला लागलेले. या दिवसांत वेलीला पाण्याची ओढ असते. मी ड्रिपरखालच्या मातीत बोट खुपसलं. कोरडी ठणठणीत. विहिरीवरच्या पंपाची घरघर मात्र चालूच होती.

बागेचे मालक, ज्यांना वस्तीवर सगळे अण्णा म्हणतात, माझ्या खांद्यावरून मोबाइलमध्ये डोकावले. “ताई, तुमचा फोन म्हणतो चालू. वेल म्हणती बंद. आता ऐकायचं कोणाचं?”

उत्तर द्यायला तोंड उघडतेय तोवर बांधाकडून फाडकन आवाज आला. मेन लाइनचा एक जोड निसटला होता आणि वेली ज्या पाण्याची वाट पाहत होत्या ते पाणी पुरुषभर उंच उडून शेजाऱ्याच्या मक्यात पडत होतं.

भोसरीतल्या एका छोट्या कंपनीत आम्ही तो डबा बनवत होतो. ठिबकच्या दोन इंची प्लॅस्टिक बॉल व्हॉल्ववर बसणारा. आत डीसी मोटर, गिअरबॉक्स, सर्किट बोर्ड, सिमकार्ड. वर छोटं सोलर पॅनेल आणि पोटात बॅटरी. फोनवर बटण दाबलं की मोटर व्हॉल्वची दांडी नव्वद अंशांत फिरवते, पाणी सुटतं. ऐकायला एवढंच. पण गरज खरी होती. शेतीपंपाची थ्री फेज लाइट पाळीने येते. रात्रपाळीच्या आठवड्यात एका प्लॉटचं पाणी तोडून दुसऱ्याला लावायला माणसाला मध्यरात्री हातात बॅटरी घेऊन बागेत जावं लागतं. निफाड-जुन्नरच्या पट्ट्यात उसातून कधी बिबट्या समोर येईल सांगता येत नाही. ती एक फेरी वाचवायची, एवढाच आमच्या डब्याचा दावा होता.

मी यांत्रिक बाजू बघायचे. इलेक्ट्रॉनिक्स एक सहकारी बघायचा आणि फर्मवेअर नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली एक मुलगी लिहायची. तिघांची टेबलं एकाच खोलीत, हाताच्या अंतरावर. पुढचा सगळा घोटाळा त्या हातभर अंतरात झाला.

त्या सकाळी पंप बंद करून डबा उतरवला. मोटर बरोबर नव्वद अंश फिरलेली, गिअर शाबूत, सेन्सर शाबूत. दांडी मात्र धुतलेल्या कपड्यासारखी पिळलेली. वरचं टोक उघड्या जागी, खालचा बॉल बंद जागी. आमचा सेन्सर बसला होता गिअरबॉक्सच्या शाफ्टवर, म्हणजे दांडीच्याही वर. शाफ्ट फिरला, हे त्याने इमानदारीत कळवलं. शाफ्ट फिरला म्हणजे व्हॉल्व उघडला, असा अर्थ फर्मवेअरने लावला. ॲपने त्यावर हिरवा ठिपका ठेवला. पंप बंद व्हॉल्ववर पाणी ढकलत राहिला, दाब चढत गेला आणि जो जोड सगळ्यात कच्चा होता तो सुटला. बागेतले बाराही डबे तपासले. चारांची हीच गत होती.

परतताना सिन्नर, संगमनेर, नारायणगाव मागे पडत गेलं आणि माझ्या डोक्यात एकच आकडा घोळत राहिला. सहा.

प्रकल्प सुरू झाला तेव्हा ‘व्हॉल्व फिरवायला लागणारा टॉर्क’ या रकान्यात टीबीडी लिहिलेलं होतं. टीबीडी हे आमच्या धंद्यातलं ‘बघू’. कोणी बघत नाही, पण रकाना रिकामा दिसत नाही. व्हॉल्व बनवणाऱ्याच्या माहितीपत्रकात किती दाब चालतो ते होतं, पाइपाचं माप होतं, टॉर्क नव्हता. का असावा? तो व्हॉल्व हाताने फिरवायचा, आणि हात कधी टॉर्क विचारत नाही. शेवटी मी दुकानातून तीन कोरे करकरीत व्हॉल्व आणले, टॉर्क रेंच लावला, सहा न्यूटन-मीटरच्या आसपास आलं. शीटमध्ये ६ लिहिलं आणि बाजूला ‘तात्पुरता’. ती शीट मेलवरून इकडून तिकडे फिरली. कोणीतरी ती नीटनेटकी केली, तेव्हा ‘तात्पुरता’ उडालं. सहा राहिला. त्यानंतर सहाला कोणी हात लावला नाही. छापील अक्षरात, रकान्याच्या मधोमध बसलेला आकडा कसा अगदी जन्मापासून खरा वाटतो.

पुढचं जास्त मासलेवाईक आहे. सहा हा आकडा कोऱ्या व्हॉल्वचा आहे हे मला मनातून माहीत होतं, म्हणून मी गिअरबॉक्सवाल्याला बारा सांगितला. माझ्या अज्ञानावरचं ते पांघरूण. गिअरबॉक्सवाल्याला आमच्या डब्यातली धूळ, ग्रीस, झीज यांचा भरवसा नव्हता. त्याने स्वतःच्या हिशोबात दीडपट धरून अठरा केला. मग इलेक्ट्रॉनिक्सवाला बसला. त्याचं गणित सगळ्यात चोख होतं. मे महिन्यात उन्हातला डबा आतून ६५ अंशांपर्यंत जाईल, असं त्याने धरलं. तांब्याचा विद्युतरोध दर अंशाला साधारण ०.४ टक्क्याने वाढतो. खोलीच्या २५ अंशांपासून ६५ पर्यंत १६ टक्के. फेराइट चुंबकाची ताकद दर अंशाला सुमारे ०.२ टक्क्याने उतरते. म्हणजे आठ टक्के आणखी गेले. ढगाळ दिवसांनंतर बॅटरी १२ ऐवजी साडेदहा व्होल्टवर आलेली. सगळं गुणलं तर माहितीपत्रकातल्या टॉर्कच्या जेमतेम ७० टक्के हातात राहतो. मेच्या दुपारी अठरा हवा असेल तर कागदावर सव्वीसची मोटर घ्यायला हवी. त्याने घेतली.

आता तीच मोटर ऑक्टोबरच्या पहाटे आणा. डबा गार, चुंबक ताजं, बॅटरी काठोकाठ भरलेली, तेरा व्होल्टच्याही वर. ती तीस न्यूटन-मीटरपर्यंत जाते. सहाची गरज होती, तीस उभे राहिले आणि वाटेत कोणीही खोटं बोललं नव्हतं. प्रत्येकाने आपल्याला जे नक्की माहीत नाही त्याची भरपाई गुपचूप, स्वतःच्या वहीत केली होती. तिघांनी मिळून किमान किती टॉर्क हवा हे पुन्हापुन्हा विचारलं. दांडीला जास्तीत जास्त किती सोसेल, हे एकदाही नाही. ती प्लॅस्टिकची दांडी आमच्यापैकी कोणाचीच नव्हती. ती व्हॉल्वबरोबर आली होती.

मेकॅट्रॉनिक्स हा शब्द १९६९ साली जपानच्या यास्कावा कंपनीतले अभियंते तेत्सुरो मोरी यांनी बनवला. मेकॅनिझमचं डोकं आणि इलेक्ट्रॉनिक्सचं शेपूट. कंपनीने तो ट्रेडमार्क म्हणून नोंदवला आणि पुढे त्यावरचा हक्क सोडून दिला, म्हणून आज तो सगळ्यांचा आहे. कॉलेजात हा इतिहास परीक्षेपुरता पाठ केला होता. त्या शब्दात दोन तुकडे जिथं सांधलेत ती जागा किती धोक्याची आहे, हे कळायला मला पिळलेली दांडी बघावी लागली. यंत्राचं ज्ञान माझ्याकडे होतं, विजेचं त्याच्याकडे, तर्काचं तिच्याकडे. जी माहिती कोणाच्याच ताटात पडत नाही ती सांध्यातून खाली गळते. प्रत्येकाला वाटत राहतं की पलीकडच्याने बघितलं असेल.

ऑफिसात आल्यावर आम्ही मोडतोडीला बसलो. कोऱ्या दहा व्हॉल्वच्या दांड्या एकेक करून पिळून तोडल्या. सगळ्यात कच्ची २२ ला गेली, सगळ्यात पक्की २७ ला. मग बागेतून आणलेले, पावसाळाभर बंद राहिलेले व्हॉल्व घेतले आणि ते सुटायला किती जोर लागतो ते मोजलं. बोअरच्या जड पाण्याचा क्षार बॉल आणि सीलच्या मध्ये पांढऱ्या सिमेंटसारखा बसला होता. कोणी नऊला सुटला, कोणी पंधराला, आणि दोन व्हॉल्वना पंचविसाच्या आसपास जोर लागला.

मी ते दोन्ही आकडे फळ्यावर एकाखाली एक लिहिले आणि आम्ही तिघंही काही वेळ गप्प बसलो. चिकटलेला व्हॉल्व सोडवायला पंचवीस लागू शकतात, आणि दांडी बाविसाला तुटू शकते. म्हणजे योग्य टॉर्क नावाचा आकडाच अस्तित्वात नव्हता. गेले आठ महिने आम्ही ज्याच्या मागे होतो तो आकडा कितीही नेमका मिळाला असता तरी डबा फसलाच असता. अपुरी माहिती म्हणजे एक रकाना रिकामा आहे आणि तो भरला की झालं, अशी माझी समजूत होती. इथं रकाना भरला आणि कळलं की प्रश्नच चुकीचा छापलाय.

बरोबर प्रश्न अण्णांकडे होता आणि त्याचं उत्तरही.

दुसऱ्या फेरीला गेले तेव्हा मी कागद-पेन काढलंच नाही. चहा झाला, मग त्यांच्याबरोबर बांधाबांधाने हिंडत राहिले. जुन्या प्लॉटमध्ये अजून हाताचे व्हॉल्व होते. चालता चालता अण्णा वाकायचे, एका व्हॉल्वची मूठ जराशी इकडे, जराशी तिकडे करायचे आणि पुढे निघायचे. पाणी सोडायचं नव्हतं, तोडायचं नव्हतं. तिसऱ्या व्हॉल्वला मी विचारलं, हे काय करताय?

“व्हॉल धरतो ना, ताई. पाऊसकाळात ठिबक बंद असतं. पंधरा दिवसांनी एकदा हलवून नाही ठेवला तर छाटणीच्या टायमाला जाम. मग पान्हा लावा, आन् मोडा.”

“हे आधी का नाही सांगितलंत?”

“तुम्ही विचारलं का?”

विचारलं नव्हतं. आमच्या प्रश्नावलीत चाळीसच्या वर प्रश्न होते: किती एकर, किती प्लॉट, कुठलं पाणी, दिवसातून किती वेळा व्हॉल्व फिरवता. वापर नसतो तेव्हा त्याचं काय करता, हा प्रश्न नव्हता. आणि आमची चाचणी फेब्रुवारी ते मे अशी झाली होती. उन्हाळ्यात ठिबक रोज चालतं, व्हॉल्व रोज फिरतो, क्षाराला बसायला उसंतच नाही. आम्ही मेच्या दुपारला घाबरून मोटर मोठी केली आणि सबंध पावसाळा हिशोबातून निसटला. वाईटात वाईट दिवस कोणता, हे आम्ही थर्मामीटरकडे बघून ठरवलं होतं; व्हॉल्वचा वाईट काळ जून ते सप्टेंबर, जेव्हा त्याला कोणी शिवत नाही.

अण्णांनी गळ्यात मफलर गुंडाळून दोन बोटांनी जे केलं तेच पुढे आमच्या फर्मवेअरमध्ये गेलं. आठवड्यातून एकदा, पाइपात दाब नसताना, डबा व्हॉल्व वीसेक अंश हलवतो आणि परत जागेवर आणतो. व्हॉल्वला धरू द्यायचंच नाही. मोटरच्या करंटला मर्यादा घातली. डीसी मोटरचा टॉर्क करंटच्या प्रमाणात असतो, त्यामुळे करंट आवरला की बॅटरी भरलेली आहे की उतरलेली, वाइंडिंग तापलंय की गार, हे दोन अज्ञात हिशोबातून जवळजवळ उठून जातात. चुंबकाचे आठ टक्के उरतात, तेवढे चालतात. यात एक खोच आहे. मोटर सुरू होतानाचा करंट अडकलेल्या मोटरइतकाच उसळतो, म्हणून पहिला क्षणभर त्याकडे काणाडोळा करावा लागतो. ही मर्यादा सोळा न्यूटन-मीटरच्या हिशोबाने ठेवली. तेवढ्यात व्हॉल्व सुटला नाही तर डबा जोर न वाढवता मागेपुढे हेलकावे देतो, चिकटलेला खिळा हलवून काढतात तसे. तिसऱ्या खेपेलाही जमलं नाही तर सरळ हात टेकतो आणि फोनवर कळवतो, ‘व्हॉल्व अडकला आहे, हाताने पाहा.’

हिरवा ठिपका मात्र आम्ही काढूनच टाकला. त्याच्या जागी दोन ओळी आल्या. एक, ‘मोटर फिरली’. दुसरी, ‘पाणी आलं’, आणि ही दुसरी ओळ व्हॉल्वच्या पलीकडे बसवलेल्या प्रेशर स्विचवर ठरते. ज्याला जेवढं दिसतं त्याने तेवढंच बोलावं.

या प्रेशर स्विचची वायर डब्यात घ्यायला भोक लागत होतं, आणि डब्याचा साचा तर केव्हाच तयार होऊन त्यातून डबे निघायला लागलेले. नवा साचा म्हणजे लाखांचा खर्च आणि तीन महिने. तरीही आमचं काम चार दिवसांत झालं, ते एका टूलरूमवाल्या काकांमुळे.

साच्याची ऑर्डर द्यायची वेळ आली होती तेव्हा मी ड्रॉइंग घेऊन त्यांच्याकडे गेले होते. तळघरातलं वर्कशॉप, ईडीएम मशीनचा तेलकट वास, कपाळावर चढवलेला चष्मा. त्यांनी ड्रॉइंगवर बोट फिरवत विचारलं, “मॅडम, यातलं नक्की किती आन् अंदाजाचं किती?”

मी जरा तोऱ्यात म्हटलं, “सगळं फायनल आहे.”

ते हसले. “फायनल म्हणणारी पार्टी दुसऱ्या महिन्यात परत येती. आपल्यात एक धरून ठेवायचं. लोखंड काढता येतं, लावता येत नाही. जिथं खात्री नाही तिथं मी लोखंड राखून ठेवतो. भिंत पातळ आली तर साचा थोडा कोरून जाड करू. जाड आली तर साच्यात वेल्डिंग भरावं लागतं, मग ती जागा कायम रडती. आन् जिथं भोक येईल का नाही हेच माहीत नाही, तिथं सुटी इन्सर्ट बसवतो. पाहिजे तर बदलू.”

मला तेव्हा ते जुन्या माणसाचं जास्तीचं जपणं वाटलं होतं. तरीपण लाजेकाजेस्तव मी पेन्सिलने तीन जागांवर गोल केले. तळाची एक बाजू, जिथं पुढेमागे कदाचित एखादी वायर येईल, हा त्यातला एक. वर्षभराने त्याच गोलातली इन्सर्ट बदलून आम्हाला भोक मिळालं.

काकांच्या त्या वाक्याचं मोल मी नंतर अनेक ठिकाणी वसूल केलं. अर्धवट माहितीवर निर्णय घ्यायचे नाहीत असं म्हणणाऱ्याचं एकही उत्पादन बाजारात येत नाही. निर्णय घ्यावेच लागतात. आधी एवढंच बघायचं की हा निर्णय लोखंड काढण्याचा आहे की लावण्याचा. फर्मवेअरमधला आकडा रात्रीतून बदलता येतो, तो बिनधास्त अंदाजाने टाकावा. बोर्डावर एक मोकळा कनेक्टर ठेवायला चार-दोन रुपये लागतात, ठेवावा. साच्याचं माप, व्हॉल्वला धरायच्या क्लॅम्पची पकड, बॅटरीच्या खणाचा आकार, इथून मागे फिरता येत नाही. सवड, पैसा आणि हिंडणं जे काही आहे ते या तीन-चार जागांवर खर्च करावं. आम्ही नेमकं उलटं केलं होतं. ॲपच्या रंगावर दोन मीटिंगा घेतल्या आणि सेन्सर दांडीच्या वर बसेल की खाली, हे मी एकटीने जेवणाच्या सुट्टीत ठरवलं.

ऑक्टोबरच्या त्या प्रकारानंतर आमच्या खोलीत एक वही आली. लाल पुठ्ठ्याची, दोनशे पानी, स्टेशनरीच्या दुकानातली. कॉम्प्युटरवर ठेवलेली शीट नीटनेटकी करण्याचा मोह माणसाला आवरत नाही, म्हणून मुद्दाम वही. तिच्यात पाच रकाने. आपण काय धरून चाललोय, ते कोणी धरलं, खरं-खोटं कशाने कळेल, कधीपर्यंत, आणि खोटं निघालं तर काय बुडेल. मार्जिनही तिथंच लिहायचं, उघडं. माझ्या बारातला निम्मा भाग माझी भीती आहे हे गिअरबॉक्सवाल्याला दिसलं असतं, तर त्याने त्यावर आपली भीती रचली नसती.

वहीतल्या प्रत्येक आकड्याच्या डोक्यावर एक अक्षर लिहायचं. मोजलेला असेल तर ‘मो’, कुठे वाचलेला असेल तर ‘वा’, कोणी सांगितलेला असेल तर ‘ऐ’, आणि अंदाजाचा असेल तर ‘अं’. ‘मो’ लिहिलं की पुढे कशावर मोजला तेही: ‘मो, तीन नवे व्हॉल्व, दुकानातले’. एवढी एक ओळ माझ्या सहाच्या डोक्यावर असती तर कोणीतरी म्हणालंच असतं, अहो, पण शेतातला व्हॉल्व नवा कुठे असतो?

आकडा खरा असून फसवतो, तो असा. ४ जून १९९६ ला फ्रेंच गयानातल्या कुरूहून निघालेलं पहिलंवहिलं एरियान ५ रॉकेट सुमारे ४० सेकंदांत आकाशातच नष्ट झालं. त्याच्या दिशादर्शक यंत्रणेतलं सॉफ्टवेअर आधीच्या एरियान ४ वरून आलेलं होतं. आडव्या वेगाशी निगडित एक ६४ बिटांचा आकडा त्यात १६ बिटांच्या जागेत बसवला जायचा. जुन्या रॉकेटच्या मार्गावर तो आकडा त्या जागेत मावणारच होता, म्हणून तिथं राखण ठेवलेली नव्हती. नवं रॉकेट सुरुवातीपासूनच जास्त आडवा वेग घेणारं होतं. आकडा मावला नाही आणि यंत्रणा कोलमडली. जुन्या रॉकेटपुरतं ते गृहीतक अगदी खरं होतं. नव्या रॉकेटवर चढताना त्याला तिकीट कोणी विचारलं नाही. आमच्या दोन इंची व्हॉल्वची रॉकेटशी काय बरोबरी, पण जात एकच.

वही आल्यावर चुका थांबल्या असं नाही, त्या लवकर सापडू लागल्या. मोटर टोकाला पोचली की तिला थांबवणाऱ्या लिमिट स्विचचंच घ्या. वहीत एक दिवस फर्मवेअरवालीने लिहिलं, ‘स्विच दाबला की सर्किट जुळतं असं धरलंय’. त्याखाली इलेक्ट्रॉनिक्सवाल्याने लिहिलं, ‘बरोबर’. दोघांचं एकमत होतं, म्हणजे प्रश्न मिटला. मी सहज विचारलं, वायर तुटली तर? ठिबकच्या नळ्या उंदीर आणि खारी कुरतडतात, हे मी बागेत डोळ्यांनी बघितलं होतं. आमच्या वायरीला काय सोनं लागलंय? वायर तुटली तर सर्किट कधीच जुळणार नाही, स्विच दाबला गेल्याचं कळणार नाही आणि मोटर टोकाला जाऊनही ढकलत राहील. त्यापेक्षा स्विच उलटा जोडला, म्हणजे एरवी सर्किट जुळलेलं आणि दाबल्यावर तुटणारं, तर उंदराने कुरतडलेली वायरही ‘थांब’ असंच सांगेल. कारखान्यातली इमर्जन्सी स्टॉपची बटणं याच कारणासाठी तशी जोडतात. हे तिघांनाही शिकवलेलं होतं. उंदीर मात्र एकीनेच पाहिला होता, आणि तो वहीत येईपर्यंत आमच्या प्रॉडक्टमध्ये नव्हता.

पुढच्या जूनमध्ये सुधारलेले डबे अण्णांच्या बागेत बसवले. मी निर्धास्त होते. जुलैच्या मध्यावर, सकाळी साडेसहाला त्यांचा फोन.

“ताई, डबा बिघडला. रात्री दोनला आपोआप कुर्रऽऽ करतो. मागच्या आठवड्यातबी केलं. घरामागंच प्लॉट आहे, आमची मंडळी म्हणती बिबट्याच डबा फोडतोय. मी दोन रात्री झोपलो नाही. शेवटी काल बॅटरीची वायर काढून ठेवली.”

मी कपाळावर हात मारला. आठवड्यातून एकदा व्हॉल्व हलवायचा, तो पावसाळ्यात रात्री दोनला, कारण त्या वेळी कोण पाणी देतंय, असा फर्मवेअरवालीचा हिशोब होता आणि वहीत तो तिने रीतसर ‘अं’ म्हणून लिहिलाही होता. आम्ही तिघांनी तो वाचला, मान डोलावली. ज्यांच्याकडून ही युक्ती शिकलो त्यांनाच ती डब्यात घातल्याचं कोणी सांगितलं नव्हतं. आमच्याजवळ माहिती पुरी होती. अपुरी राहिली ती त्यांच्या बाजूला, आणि त्या अपुऱ्या माहितीवर त्यांनी जो निर्णय घेतला, वायर काढून ठेवायचा, तो त्यांच्या जागी मीही घेतला असता.

“अण्णा, तो बिबट्या नाही. तुम्ही पंधरा दिवसांनी व्हॉल्व हलवता ना, तेच तो करतोय.”

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग हसू. “आरं तिच्या! मग दिवसा करायला सांगा की त्याला.”

वेळ त्याच दिवशी बदलली. ते लोखंड काढण्याचंच काम होतं. संध्याकाळी मी लाल वही उघडली आणि पाच रकान्यांच्या उजवीकडे हाताने एक रेघ ओढून सहावा रकाना पाडला. वर लिहिलं, ‘हे वापरणाऱ्याला ठाऊक आहे का?’ मग पहिल्या पानापासून खाली उतरत गेले. बहुतेक ओळींसमोर ‘नाही’ लिहावं लागलं.